सहावा ग्लास

तिसऱ्या ग्लासात पाणी होतं. नुसतं डिस्टिल्ड पाणी, आणि तेही मीच ओतलेलं.

"इंडियाना," रघुबाब म्हणाले. त्यांनी ग्लास पुन्हा एकदा नाकाखाली धरला आणि मान हलवली. "शंकाच नको. शहाजिरं बोलतंय."

माझं लक्ष माझ्या ग्लासात होतं. मी नुसतं "हं" म्हटलं आणि आम्ही चौथ्याकडे वळलो.

सकाळचे अकरा वाजले होते. वास घ्यायला हीच वेळ बरी. नाश्ता जिरलेला असतो आणि जेवणाची वखवख सुरू झालेली नसते. नाशिकजवळच्या आमच्या दारूच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर एक खोली होती, तिला सगळे 'नाकाची खोली' म्हणत. तिथे अत्तर, सुगंधी तेल, गजरा, सगळ्याला बंदी. मी अकरा वर्षं गजऱ्याविना काढली होती. ग्लास निळ्या काचेचे, म्हणजे आतला रंग दिसून कुणी त्यावरून ठोकताळे बांधू नयेत. नमुन्यात निम्म्याहून जास्त पाणी घालायचं, म्हणजे नाकाला झिणझिण्या येत नाहीत आणि वास मोकळा होतो. सहा ग्लासांच्या शेवटी सातवा एक 'कोरा' ठेवायचा, नुसत्या पाण्याचा. नाक दमलं की त्यात घटकाभर खुपसायचं.

त्या दिवशी मी ओतत असताना खालून गेटवरचा फोन आला. टँकरच्या कागदांवरून काहीतरी घोळ होता. फोन ठेवून परत आले आणि रघुबाबांच्या ट्रेमधला कोरा ग्लास चुकून तिसऱ्या जागी बसवला. हे मला कळलं साडेबाराला, ग्लास रिकामे करताना. त्यांच्या तिसऱ्यात पाणी आणि सातव्यात बर्बन. त्या सातव्यात नाक घालून ते दोनदा म्हणाले होते, "हां, आता मोकळं वाटलं."

माझ्या ट्रेमध्ये मात्र सगळं जागच्या जागी होतं. माझा तिसरा ग्लास इंडियानाचाच होता.

म्हणजे रघुबाबांनी उत्तर बरोबर दिलं होतं, पण माझ्या ग्लासाचं.

रघुवीर कुंकळ्येकर आमचे ब्लेंडर. ब्लेंडर म्हणजे कुठल्या टाकीतला माल कुठल्यात किती मिसळायचा हे ठरवणारा आणि शेवटी 'पास' म्हणून सही करणारा माणूस. मूळचे गोव्याचे. वडिलांची काजूच्या फेणीची भट्टी होती, त्या धुरात वाढले. तीस वर्षं आमच्या कारखान्यातली एकही बाटली त्यांच्या नाकाखालून गेल्याशिवाय बाहेर पडली नव्हती. सगळा कारखाना त्यांना रघुबाब म्हणायचा, आणि ते मला बाय म्हणायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. कारखान्यामागच्या दोन खोल्यांत राहायचे.

मी त्यांची असिस्टंट. एम.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. सासरी सांगितलेलं की औषधांच्या कारखान्यात आहे, आणि सासऱ्यांनी कधी कुठलं औषध ते विचारलं नाही. अकरा वर्षांत मी एक थेंबही गिळला नव्हता. तोंडात घ्यायचं, घोळवायचं आणि थुंकायचं. रोज सकाळी नमुना आधी मी हुंगायचा, मग तो रघुबाबांनी, आणि वहीत सही त्यांची. ही आमची रीत होती. वहीत माझं नाव कुठेच नव्हतं.

आता बर्बन कुठून आली ते सांगते. बर्बन म्हणजे मक्यापासूनची अमेरिकन व्हिस्की, आतून जाळलेल्या नव्या लाकडी पिंपात मुरवलेली. तिथली एक कंपनी ती टाक्या भरून आमच्याकडे पाठवणार होती आणि आम्ही इथे बाटल्या भरणार होतो. त्यांची अट एकच: आलेला माल जो माणूस पास करणार, त्याच्या नाकाची परीक्षा आम्ही घेऊ. सहा ग्लास, पाच अमेरिकेतल्या वेगवेगळ्या मालांचे आणि एक आमच्याच कारखान्यातल्या व्हिस्कीचा. कुठला कुठून आला ते वास घेऊन सांगायचं.

आमचे मालक नरेनशेठ, पस्तिशीतले. त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं होतं.

"ज्याचे जास्त बरोबर, तो चीफ ब्लेंडर," ते म्हणाले. "बाटलीवर त्याची सही छापायची. तुम्ही दोघंही बसा परीक्षेला."

"आणि दुसरा?" रघुबाबांनी विचारलं.

नरेनशेठांनी पेपरवेट फिरवला. "रघुबाब, तुमची दोनच वर्षं राहिलीत. आरामही करायला पाहिजे ना माणसाने."

बाहेर आल्यावर रघुबाब हसले. "ऐकलंस ना, बाय? मी हरलो तर मी गोव्याला. तू हरलीस तर आणखी दोन वर्षं माझे ग्लास धू."

ती खुर्ची मला हवी होती. उगाच लपवाछपवी कशाला करू? चव्वेचाळीस वर्षांची झाले होते आणि लोक मला अजून 'रघुबाबांच्या मॅडम' म्हणत होते.

अमेरिकेहून सरावासाठी नावं लिहिलेले नमुने आले. पंधरा दिवस आम्ही रोज तेच हुंगत होतो. केंटकीची कोवळी बर्बन, तिला उकडलेल्या कणसाचा वास. केंटकीचीच जुनी, नऊ वर्षांची, ती उघडली की माझ्या आईच्या शिसवी पेटीची आठवण यायची. इंडियानात राय नावाचं धान्य जास्त, म्हणून शहाजिऱ्याचा झटका. टेनेसी कोळशातून गाळलेली, पिकल्या वेलची केळ्यांची. टेक्सास तिथल्या उन्हात भरभर मुरलेली, करपलेल्या गुळाची. आणि आमची घरची, मळीच्या स्पिरिटची, तिची ओळख सांगायची गरजच नाही. रघुबाब पहिल्या तीन-चार दिवसांतच पटापट बरोबर सांगायला लागले होते, आणि मी मनात म्हणत होते, काय नाक आहे म्हाताऱ्याचं.

आणि आता हा पाण्याचा ग्लास.

दुसऱ्या दिवशी मी एक वाईट काम केलं. चार नंबरच्या टाकीचा रोजचा नमुना आला होता. माल उत्तम होता. मी हुंगला आणि मुद्दाम नाक मुरडलं, सडकं काही लागल्यावर मुरडतात तसं. मग ग्लास त्यांच्याकडे सरकवला.

रघुबाबांनी वास घेतला. डोळे ग्लासावर नव्हते, माझ्यावर होते. आजवर माझ्या हे कसं लक्षात आलं नव्हतं?

"रबर," ते म्हणाले. "नळीचा वास उतरलाय. ठेव बाजूला." आणि वहीत तसं लिहून सही केली.

पुढच्या दिवशी मी तोच नमुना पुन्हा आणला, चेहरा सरळ ठेवला, आणि टाकी पास झाली.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या दिवशी रघुबाब स्कूटरवरून पडले होते. डोक्याला मागे बारा टाके. तीन आठवड्यांनी कामावर आले ते टेबल फिरवूनच. आधी आम्ही शेजारी शेजारी बसायचो, खिडकीकडे तोंड करून. आल्यावर म्हणाले, समोरासमोर बसू, उजेड बरा येतो. निळ्या ग्लासांना उजेड कशाला लागतो हे मी तेव्हा विचारलं नाही. त्यांचा डबा यायचा मेसमधून. एकदा भाजी आंबलेली होती, मला दारातून वास आला, आणि ते शांतपणे खात होते. मी ओरडले तेव्हा थांबले.

दोन वर्षं कारखाना माझ्या नाकावर चालला होता, आणि सह्या त्यांच्या होत्या. मला राग आला. असा आला की दुपारी जेवण गेलं नाही. मला सांगितलं असतं तर मी काय गावभर दवंडी पिटली असती? बाय बाय म्हणत माझ्यासमोर बसून हा माणूस माझं तोंड वापरत होता.

शेठना जाऊन सांगणं सोपं होतं. मी दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेलेही. पण 'रघुबाबांना वास येत नाही' हे वाक्य तोंडातून निघेना. तीस वर्षांचा ब्लेंडर, त्याच्याबद्दल असं म्हणायचं म्हणजे भर बाजारात धोतर सोडण्यासारखं. शिवाय तसं करून मिळालेली खुर्ची चुगलीची म्हटली गेली असती. मला ती परीक्षेत जिंकून हवी होती.

मग मी काय केलं? न्हाणीघरात आरसा होता. सहा छोट्या बाटल्या पर्समधून घरी नेल्या आणि आरशासमोर एकेक हुंगून माझंच तोंड पाहायला लागले. आपण कसे दिसतो हे माणसाला किती कमी माहीत असतं! शहाजिऱ्याला माझी हनुवटी मागे जायची. केळ्यांना डावा ओठ हलकेच वर. टेक्सासला मान एकदम मागे. कोवळ्या कणसाला आवंढा. जुन्या केंटकीला डोळे आपोआप मिटायचे. आणि घरच्या मालाला काहीच नाही, फक्त भुवया जरा जवळ, रोजची भाजी बघितल्यासारख्या.

"काय चाललंय?" दिगंबरने, माझ्या नवऱ्याने, दार ढकललं.

"दात दुखतोय."

"मग डॉक्टरकडे जा. आरशाला का वेडावतेस?"

त्याला मी खरं सांगितलं नाही. कुणालाच नाही.

परीक्षेच्या दिवशी रघुबाब इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. दाढी गुळगुळीत. अमेरिकन माणूस क्लेटन, लांबुडका, कुठल्याही गोष्टीला आधी हसणारा. त्याने टेबलं बघितली आणि नरेनशेठना विचारलं की दोघांना वेगवेगळं बसवायचं का.

रघुबाबच बोलले. "आम्ही समोरासमोरच बसतो. सवय आहे. नाहीतर नाक बावचळतं." मग माझ्याकडे वळून हळूच, "काय, बाय? तुला चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल की."

मला वाटलं, काय माणूस आहे. माझ्याच हातातला घास मागतोय, आणि तोही हसून.

क्लेटनने रीत सांगितली. दोघांपुढे त्याच क्रमाने सहा ग्लास. तो नंबर पुकारेल, दोघांनी एकदम उचलायचा. पहिली फेरी नुसत्या नाकाची, वास घ्या आणि लिहा. दुसरी फेरी जिभेची, घोट घ्या, थुंका, आणि लिहिलेलं बदलायचं असेल तर बदला. रघुबाब इंग्रजी लिहीत नसत, म्हणून मराठीत लिहा, शेठ वाचतील असं ठरलं.

"एक," क्लेटन म्हणाला.

केळी. स्पष्ट टेनेसी. माझा ओठ वर जायला निघाला होता. मी तो धरला आणि मान झटक्याने मागे नेली, टेक्सासला नेते तशी. समोर रघुबाबांनी ग्लास नाकाशी धरला होता. त्यांची नजर माझ्यावर एक क्षणभर थांबली आणि पेन्सिल चालली.

"दोन."

टेक्सास. मी आवंढा गिळला.

एकदा सुरू झाल्यावर ते सोपं होतं. तिसऱ्याला हनुवटी मागे. चौथा ग्लास जुन्या केंटकीचा होता. ती शिसवी पेटी उघडली गेली, आणि डोळे उघडे ठेवायला मला खरंच जड गेलं. मी भुवया जरा जवळ आणल्या, रोजची भाजी. रघुबाबांनी लिहिलं. पाचव्याला ओठ वर. सहावा घरचा होता. आमचा, रघुबाबांनीच जमवलेला, तीस वर्षं त्यांनी राखलेला माल. मी तो नाकाशी धरला आणि डोळे मिटले. सावकाश मिटले, आणि उघडायची घाई केली नाही.

उघडले तेव्हा ते लिहून मोकळे झाले होते.

दुसरी फेरी. घोट, गुळणी, बादलीत थुंकी. रघुबाबांनी पाच ग्लास भराभर उरकले, काही बदललं नाही. सहावा घोट त्यांनी तोंडात घेतला आणि थांबले. गालात घोळवला. माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या कागदाकडे पाहत होते. मला त्यांच्या पेन्सिलीचा आवाज आला, मग खाडाखोडीचा, मग पुन्हा लिहिल्याचा. मी मनात म्हटलं, गोंधळले. गोंधळू देत.

नरेनशेठांनी कागद गोळा केले, क्लेटनची यादी समोर ठेवली आणि वाचायला लागले. माझे सहाच्या सहा बरोबर. क्लेटनने टाळ्या वाजवल्या, उठून माझा हात हातात घेतला आणि म्हणाला की केंटकीतही असं रोज होत नाही. रघुबाबांचा कागद वाचताना शेठांचा आवाज खाली खाली जात गेला. सहापैकी शून्य. सहाव्यावर तर ते अडलेच.

"रघुबाब," ते म्हणाले, "हा तर आपलाच माल. तुम्ही केंटकी लिहिलंत?"

"वय झालं, शेठ," रघुबाब म्हणाले. "नाक आता थकलं." आणि उठून त्यांनी मला नमस्कार केला, दोन्ही हात जोडून. वाकून नव्हे, बरोबरीच्या माणसाला करतात तसा.

त्या दिवशी पेढे वाटले गेले. मी दोन खाल्ले. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. रात्री झोपही लागली.

महिनाअखेर रघुबाबांचा निरोप समारंभ ठरला. त्याआधी दोन दिवस परीक्षेचे कागद फाइलला लावायला माझ्याकडे आले, कारण फाइल आता माझी होती. माझा कागद वर, त्यांचा खाली. मी सहज नजर टाकली.

पाच ओळी स्वच्छ होत्या. सहावीत आधी 'केंटकी जुनी' लिहिलेलं. त्यावर रेघ. शेजारी लिहिलेलं, 'घरचा'. त्यावरही रेघ. आणि खाली पुन्हा, ठळक अक्षरात, 'केंटकी जुनी'.

शेठांनी शेवटचं तेवढं वाचलं होतं. मी तो कागद घडी करून पर्समध्ये घातला आणि कारखान्यामागच्या खोल्यांकडे गेले. दुपारची वेळ होती. रघुबाब जमिनीवर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

"ये, बाय. चहा टाकू?"

मी कागद उलगडून त्यांच्यापुढे धरला. "तुम्हाला कळलं होतं."

त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "जिभेला कळलं. नाक गेलं म्हणून जीभ कुठे जाते? आपला माल जिभेच्या मागच्या बाजूला जरा कडसर लागतो, तीस वर्षं लागतोय. चौथ्याला तू घरचा दाखवलास आणि सहाव्यात घरचा निघाला. मग कळलं, आज बाय उलटं दाखवतेय."

"मला माहीत आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"तेव्हाच. त्याआधी नाही. सांगणार होतो तुला, देवाशपथ. अपघातानंतर पहिल्या दिवशी सांगणार होतो. मग म्हटलं, वास येईल परत. मग म्हटलं, उद्या सांगू." त्यांनी एक पातेलं बाजूला ठेवलं. "दोन वर्षं उद्याच चालला होता."

"पण 'घरचा' लिहून तुम्ही खोडलंत का? एक तर बरोबर आला असता."

"एकाने काय होणार होतं? बाकीचे पाच कुठले ते मला थोडंच ठाऊक होतं." त्यांनी पुढचं पातेलं ओढलं. "दोन वर्षं तुझ्या तोंडावरून सह्या केल्या मी. एकही खोटी निघाली नाही. त्या दिवशी तू खोटं दिलंस. म्हटलं, हेही घेऊ या. फक्त खरं तेवढंच घ्यायचं, हा कुठला न्याय?"

मला रडू आलं. मी ते आवरलंही नाही. म्हटलं, "रघुबाब, मी तुमची लाज राखायला गप्प नव्हते बसले. मला ती खुर्ची हवी होती."

"माहीत आहे गो. ते तोंडही मी ओळखतो." ते हसले. "पण शेठकडे गेली नाहीस ना? गेली असतीस तर तीस वर्षं खोटी ठरली असती. आता काय झालं? म्हातारा हरला. म्हातारे हरतातच."

मी शेठना सगळं सांगते म्हणाले. वहीत गेल्या दोन वर्षांचं खरं काय ते लिहिते म्हणाले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"वही राहू दे. तुला काही करायचंच असेल तर माझं एक काम कर."

ते उठले आणि ट्रंकेच्या तळातून कापडात गुंडाळलेली एक बाटली घेऊन आले. जुनी, हिरवट काच, लाकडी बूच, बुचावर मेण. आत अर्ध्याहून कमी राहिलेलं.

"बाबांच्या भट्टीची फेणी. शेवटच्या हंगामाची. ते गेले त्या वर्षापासून माझ्याकडे आहे. वर्षातून एकदा उघडायचो, वास घ्यायचा आणि ठेवायची. दोन वर्षं उघडली नाही. उघडून काय करणार होतो?" त्यांनी नखाने मेण खरवडलं. "जाण्याआधी बघायचंय, वास आहे की उडून गेला. उडाला असेल तर ओतून टाकू. रिकामी बाटली घेऊन जाणं सोपं."

"सांगते," मी म्हणाले.

"सांगू नकोस. सांगताना माणूस बरं बोलतो. तू नुसता वास घे."

त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि स्टूल ओढून समोर बसले, नाकाच्या खोलीत बसायचे तेवढ्याच अंतरावर. खिडकी माझ्या उजवीकडे होती. मी जरा सरकले, म्हणजे उजेड तोंडावर येईल, आणि बूच काढलं.

मी वास घेतला. काही धरून ठेवलं नाही, काही आणलंही नाही. तोंडावर जे यायचं ते येऊ दिलं.

रघुबाब गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकले आणि माझ्याकडे पाहत राहिले. बराच वेळ पाहत राहिले. एकदा त्यांचा स्वतःचा श्वास खोल गेला.

"हां," ते म्हणाले. "आहे अजून. बाबांचीच."

आणि बूच मागायला त्यांनी हात पुढे केला.